तारीख

तारीख : कालगणना, दिनांक आणि इतिहास असे तीन परस्परसंबद्ध अर्थ असलेला अरबी शब्द. अरबीतून तो फार्सीत व तुर्कीत आणि पुढे भारतातील बहुतेक भाषांत गेला. मराठीत त्याचे एकवचन ‘तारीख’ हे महिन्याचा दिवस या अर्थाने, तर अनेकवचन ‘तवारीख’ हे इतिहास किंवा वृत्तांत या अर्थाने रूढ झाले. शब्दाच्या उगमासंबंधी अरबी कोशकारांत जुना मतभेद आहे. तो शुद्ध अरबी आहे, फार्सीतून आला आहे किंवा ज्यू-ख्रिस्ती लोकांकडून घेतला आहे, अशी तीन मते त्यांनी नोंदविली आहेत. तौलनिक सेमिटिक भाषाशास्त्राच्या आधारे मात्र त्याचे मूळ ‘चंद्र’ किंवा ‘चांद्रमास’ या अर्थाच्या प्राचीन सेमिटिक शब्दात आहे, हे आता सामान्यतः मान्य झाले आहे. चंद्रावरून महिना, महिन्यावरून लेखावरील कालनिर्देश आणि कालनिर्देशावरून कालक्रमाने लिहिलेला इतिहास, असा या शब्दाचा प्रवास झाला.

सेमिटिक मूळ : अरबी शब्दांचा पाया बहुधा तीन व्यंजनांचा धातू असतो. तारीख या शब्दाचा धातू हम्जा–र–ख असा आहे. हम्जा हा कंठातील क्षणिक अवरोधाने उच्चारला जाणारा वर्ण असून ‘ख’ येथे घर्षक आहे. याच धातूचे व–र–ख असे दुसरे रूपही अरबीत आढळते, आणि शब्दाच्या उगमाचा शोध घेताना तेच अधिक महत्त्वाचे ठरते.

अरबीच्या भगिनी भाषांत या धातूची रूपे विपुल आहेत. मेसोपोटेमियातील अकेडियन भाषेत चंद्र व महिना या दोन्ही अर्थी ‘वर्खुम’ हा शब्द होता. पुढे आरंभीचा ‘व’ लोपून त्याचे ‘अर्खु’ असे रूप झाले. इथिओपियाच्या प्राचीन गीझ भाषेत ‘वर्ख’ म्हणजे चंद्र किंवा महिना, तर आजच्या अम्हारिक भाषेत ‘वर’ म्हणजे महिना. सिरियाच्या किनाऱ्यावरील उगारिट येथील लेखांत ‘यरख’ हा शब्द चंद्र, महिना आणि चंद्रदेवता या अर्थांनी येतो. हिब्रूत ‘यारेअह’ म्हणजे चंद्र व ‘येरह’ म्हणजे महिना. ॲरेमाइकमध्ये महिन्याला ‘यरहा’ म्हणतात. इ. स. पहिल्या शतकातील नबाती थडग्यांवरील लेखांत महिन्याचे नाव सांगण्यापूर्वी हाच शब्द योजिला जात असे.

या रूपांतील ‘व’ आणि ‘य’ यांचा फरक नियमबद्ध आहे. वायव्य सेमिटिक गटातील भाषांत, म्हणजे उगारिटिक, हिब्रू, ॲरेमाइक इत्यादींत, शब्दारंभीच्या मूळ ‘व’चा ‘य’ होतो. दक्षिणेकडील भाषांत ‘व’ टिकून राहतो. मुलगा या अर्थाचा अरबी ‘वलद’ आणि हिब्रू ‘येलेद’ ही जोडी या नियमाचे सुबोध उदाहरण होय. हिब्रू व ॲरेमाइक यांत मूळ घर्षक ‘ख’ हा कालांतराने ‘ह’च्या एका खोल कंठ्य प्रकारात विलीन झाला, हा दुसरा फरक. अरबी शब्दात ‘व’ आणि ‘ख’ हे दोन्ही मूळ वर्ण शाबूत असल्यामुळे तो ॲरेमाइकमधून किंवा हिब्रूतून घेतला असण्याचा संभव फारसा उरत नाही.

याउलट दक्षिण अरबस्तानाकडे, म्हणजे प्राचीन येमेनकडे, बोट दाखविणारा पुरावा बळकट आहे. तेथील सबाई भाषेच्या कोरीव लेखांत ‘वरख’ हा महिन्यासाठी नेहमीचा शब्द असून लेखाचा काळ सांगण्यासाठी तोच वापरला जाई. हिम्यरी राज्यात इ. स. पू. सु. ११० पासून मोजली जाणारी सलग कालगणना प्रचारात होती. मारिब येथील प्रसिद्ध धरणाच्या दुरुस्तीसंबंधी अब्रहा या राजाने कोरविलेल्या लेखात याच शब्दाने महिना सांगून हिम्यरी वर्ष ६५७, म्हणजे इ. स. सु. ५४८, दिले आहे. हिजरतेपूर्वी सु. पाऊणशे वर्षे अरबस्तानाच्या एका भागात ‘महिना’ या अर्थाचा शब्द लेखाच्या दिनांकाशी अशा प्रकारे निगडित होता.

उत्तरेकडील अरबीत चंद्राला ‘कमर’, चंद्रकोरीला ‘हिलाल’ आणि महिन्याला ‘शहर’ असे शब्द आहेत. (फार्सीतील नगरवाचक ‘शहर’ हा शब्द वेगळा.) या ‘शहर’चाही मूळ अर्थ चंद्र असावा, असे गीझ व सिरियाक भाषांतील सजातीय शब्दांवरून दिसते. व–र–ख या धातूचा चंद्र हा अर्थ मात्र उत्तर अरबीत उरला नाही; केवळ दिनांक घालण्याची क्रिया तेवढी उरली. कुराणात महिना, वर्ष व दिवस यांसाठीचे शब्द अनेकदा येतात. ‘तारीख’ हा शब्द मात्र त्यात नाही. या सर्व गोष्टींवरून लेखनव्यवहारातील ही संज्ञा दक्षिणेकडून आली असावी, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते.

पारंपरिक व्युत्पत्ती : मध्ययुगीन अरबी विद्वानांना हा शब्द काहीसा परका वाटत होता, हे लक्षणीय आहे. बाराव्या शतकातील अल्-जवालीकी याने परभाषांतून आलेल्या शब्दांचा कोश रचला. त्याने आणि पुढे इब्न मंजूर (१२३३–१३१२) याने लिसान अल्-अरब या कोशात, हा शब्द निर्भेळ अरबी नसून मुसलमानांनी तो ग्रंथधारक लोकांकडून, म्हणजे ज्यू-ख्रिस्ती यांच्याकडून घेतला, असे एक मत नमूद केले आहे. वर सांगितलेल्या वर्णनियमांमुळे हे मत स्वीकारणे कठीण जाते. दुसऱ्या एका मतानुसार रानगाईच्या नवजात वासराला ‘अर्ख’ म्हणतात. वासरू जसे नव्याने जन्मते तशी घटना नव्याने घडते, म्हणून तिच्या नोंदीला तारीख म्हटले गेले. ही केवळ ध्वनिसाम्यावर आधारलेली कल्पना होय.

सर्वांत प्रसिद्ध आहे ती फार्सी व्युत्पत्ती. अल्-बीरूनी (९७३–सु. १०५०) याने अल्-आसार अल्-बाकिया या कालगणनाविषयक ग्रंथात ती दिली आहे. खलीफा उमर (कार. ६३४–४४) यांच्यापुढे एक दस्तऐवज आला. त्यात शाबान महिन्यात देय असलेल्या रकमेचा उल्लेख होता. हा शाबान कोणता, चालू वर्षाचा की पुढचा, असा प्रश्न उमर यांनी विचारला. दस्तऐवजावरून त्याचे उत्तर मिळेना. तेव्हा हुर्मुझान या इराणी सरदाराचा सल्ला घेण्यात आला. इराण्यांत ‘माह-रोज’, म्हणजे महिना व दिवस, नावाची पद्धत असल्याचे त्याने सांगितले. अरबांनी या शब्दाचे ‘मुअर्रख’ असे रूप केले आणि त्यावरून ‘तारीख’ हे नाम साधले, अशी ही कथा आहे.

भाषिक दृष्ट्या ही व्युत्पत्ती टिकत नाही. ‘माह-रोज’मध्ये ‘ख’ नाही, आणि त्यातील शेवटचा ‘ज’ अरबी रूपात कोठेच दिसत नाही. ‘मुअर्रख’मधील आरंभीचा ‘मु’ हा धातूचा भाग नसून धातुसाधिताचा उपसर्ग आहे. म्हणजे ‘माह’मधील ‘म’शी त्याचा संबंध जोडता येत नाही. तथापि कथेतील प्रशासकीय आशय निराधार नाही. जिंकलेल्या प्रदेशांतील हिशेबाच्या व दप्तराच्या बऱ्याच रीती अरबांनी इराण्यांकडून उचलल्या होत्या. पद्धत घेण्याविषयीची आठवण शब्द घेण्याविषयीच्या आख्यायिकेत रूपांतरित झाली असावी. शिवाय फार्सी ‘माह’ याचेही चंद्र व महिना असे दोन अर्थ आहेत. कथाकाराने शब्दाचे मूळ चुकीच्या भाषेत शोधले. पण चंद्राशी असलेले त्याचे नाते त्याच्या हातून सुटले नाही.

व्याकरणिक रूपे : अरबी व्याकरणात मूळ धातूवर ठराविक साचे चढवून अर्थभेद साधले जातात. क्रियापदाचे असे दहा साचे विशेष प्रचारात आहेत. तारीखचे क्रियापद मुख्यतः दुसऱ्या साच्यात चालते. या साच्यात धातूचे मधले व्यंजन द्वित्त होते. अतिशय, प्रयोजक हे त्याचे नेहमीचे अर्थ. त्याखेरीज नामापासून क्रियापद बनविण्यासाठीही तो वापरतात. उदा., ‘खैमा’ (तंबू) यावरून ‘खय्यम’ (तंबू ठोकला), ‘जिल्द’ (कातडे) यावरून ‘जल्लद’ (पुस्तक बांधले). याच रीतीने ‘वर्ख’ (महिना) यावरून ‘वर्रख’, म्हणजे ‘महिना घातला, कालनिर्देश केला’ असे क्रियापद सिद्ध होते.

‘वर्रख’ व ‘अर्रख’ ही दोन्ही रूपे जुन्या अरबीत होती. तमीम टोळीचे लोक ‘वर्रख’ म्हणतात व कैस टोळीचे ‘अर्रख’ म्हणतात, असे भाषापंडित अस्मई (सु. ७४०–८२८) याच्या नावावर नोंदलेले आहे. ‘व’ व हम्जा यांचा असा विकल्प अन्यत्रही आढळतो. ‘दृढ करणे’ या अर्थी ‘वक्कद’ आणि ‘अक्कद’ ही दोन्ही रूपे आहेत. मराठीतील ‘ताकीद’ हा शब्द त्यांपैकी दुसऱ्यापासून बनला आहे.

‘अर्रख’ची प्रमुख रूपे पुढीलप्रमाणे आहेत : भूतकाळ ‘अर्रख’ (त्याने दिनांक घातला), वर्तमानकाळ ‘युअर्रिखु’ (तो दिनांक घालतो), आज्ञार्थ ‘अर्रिख’, कर्मणी भूतकाळ ‘उर्रिख’ (दिनांक घातला गेला), कर्तृवाचक धातुसाधित ‘मुअर्रिख’ (दिनांक घालणारा, पुढे इतिहासकार), कर्मवाचक धातुसाधित ‘मुअर्रख’ (दिनांकित) आणि क्रियावाचक नाम ‘तअरीख’. कर्तृवाचक व कर्मवाचक रूपांत फरक केवळ शेवटच्या स्वराचा असतो. मशिदीत बांग देणारा ‘मुअज्जिन’ हा पहिल्या प्रकारातला, तर ‘पुढे ठेवलेला’ या मूळ अर्थाचा ‘मुकद्दम’ (मराठी मुकादम) दुसऱ्या प्रकारातला शब्द होय.

दुसऱ्या साच्याच्या क्रियावाचक नामाचे वजन, म्हणजे स्वरव्यंजनांचा ठरलेला आकृतिबंध, ‘तफ्ईल’ असे आहे. या वजनाचे शब्द मराठीत मोठ्या संख्येने आले आहेत : तहसील (गोळा करणे), तपशील (मूळ तफ्सील, अलग अलग करणे), तजवीज (मूळ अर्थ परवानगी देणे), तसबीर (मूळ तस्वीर, रूप देणे), तकदीर (नेमून देणे) इत्यादी. आरंभीचा ‘त’ आणि शेवटच्या व्यंजनापूर्वीचा दीर्घ ‘ई’ ही या कुळाची खूण होय. धातूचे पहिले व्यंजन हम्जा किंवा ‘ऐन’ हा कंठ्य वर्ण असेल, तर परभाषांत त्याचा उच्चार लोपतो आणि आधीचा ‘अ’ दीर्घ होतो. तालीम, तारीफ आणि ताकीद हे शब्द असेच बनले. तारीख याच पंक्तीतला आहे. परंतु त्यातील हम्जा परभाषेत जाण्यापूर्वी खुद्द अरबीतच लोपला होता.

याचा निर्णायक पुरावा अनेकवचनात मिळतो. ‘तअरीख’ हे रूप बोलणाऱ्यांच्या मनात कायम असते, तर अनेकवचन ‘तआरीख’ असे झाले असते. प्रत्यक्षात ते ‘तवारीख’ असे आहे. पहिल्या अक्षरात दीर्घ ‘आ’ असलेल्या नामांचे अनेकवचन करताना अरबीत त्या जागी ‘वा’ येतो : कानून–कवानीन, जासूस–जवासीस, तसे तारीख–तवारीख. म्हणजे अरबी भाषकांनी हा शब्द क्रियावाचक नाम म्हणून न धरता स्वतंत्र नाम म्हणून धरला. आधुनिक लेखनात काही काटेकोर लेखक हा भेद उपयोगात आणतात. दिनांक घालण्याच्या किंवा इतिहास लिहिण्याच्या क्रियेसाठी ते हम्जायुक्त ‘तअरीख’ लिहितात. दिनांक किंवा इतिहास या अर्थी हम्जारहित ‘तारीख’ लिहितात.

हे नाम अरबीत पुल्लिंगी असून त्याची तिन्ही विभक्तिरूपे होतात : ‘तारीखुन’, ‘तारीखन’, ‘तारीखिन’. अनेकवचन ‘तवारीख’ मात्र अनिश्चित असता दोनच रूपांनी चालते व त्याला अंत्य ‘न’कार लागत नाही. निश्चितवाचक ‘अल्’ हा उपपद जोडल्यास त्याचा ‘ल’ पुढील ‘त’शी एकरूप होतो आणि ‘अत्-तारीख’ असा उच्चार होतो. विशेषणरूप ‘तारीखी’ (ऐतिहासिक) असे आहे.

अर्थविस्तार : इस्लामपूर्व अरबांत सर्वमान्य सलग कालगणना नव्हती. सिरियातील नमारा येथील अरबी लेखात इम्रुउल्-कैस या राजाच्या मृत्यूचे वर्ष बोस्रा शकाच्या २२३ व्या वर्षी, म्हणजे इ. स. ३२८ मध्ये, असे दिले आहे. तो शक रोमन प्रांताचा होता. मक्केकडे ‘हत्तीचे वर्ष’ यांसारख्या स्मरणीय घटनांवरून काळ सांगत. राज्य विस्तारल्यावर आणि दूरच्या सुभेदारांशी पत्रव्यवहार वाढल्यावर ही रीत अपुरी पडली. हिजरी सनाच्या १६ व्या किंवा १७ व्या वर्षी (६३७–३८) उमर यांनी सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून प्रेषितांच्या मदीनेतील स्थलांतरापासून वर्षे मोजण्याचे ठरविले. स्थलांतर प्रत्यक्षात इ. स. ६२२ च्या सप्टेंबरात झाले. पण गणनेचा आरंभ त्याच वर्षाच्या मुहर्रम महिन्यापासून, म्हणजे १६ जुलै ६२२ पासून, धरण्यात आला.

या निर्णयाची अंमलबजावणी त्वरित झाल्याचे दिसते. ईजिप्तमधील एका द्विभाषिक पपायरसावर, मेंढ्या मिळाल्याच्या पावतीवर, ‘वर्ष बावीस’ (इ. स. ६४३) असा अरबी निर्देश आहे. पावती आज व्हिएन्ना येथे जतन केलेली आहे. अरबस्तानाच्या वायव्य भागातील जुहैर नावाच्या व्यक्तीच्या शिलालेखात उमर यांच्या निधनाचा उल्लेख व ‘वर्ष चोवीस’ असा काळ आहे.

दिनांकापासून इतिहासापर्यंतचा अर्थविस्तार पुढील दोन शतकांत झाला. जुन्या घटनांच्या मौखिक वृत्तांतांना ‘खबर’ (अनेकवचन ‘अखबार’) म्हणत. वृत्तांत वर्षवार लावण्यास सुरुवात झाली, तेव्हा अशा संकलनांना ‘तारीख’ हे नाव पडले. खलीफा इब्न खय्यात (मृ. ८५४) याचा ग्रंथ या प्रकारच्या उपलब्ध ग्रंथांतील जुन्यांपैकी एक होय. तबरी (८३९–९२३) याच्या प्रेषित व राजे यांच्या विशाल इतिहासात हिजरतेनंतरचा भाग वर्षवार मांडलेला आहे. बुखारी (८१०–७०) याचा अत्-तारीख अल्-कबीर हा ग्रंथ मात्र राजकीय इतिहास नसून हदीसांच्या निवेदकांचा चरित्रकोश आहे. एखाद्या निवेदकाने आपण अमुक गुरूकडून ऐकले असे सांगितले, तर दोघांच्या जन्ममृत्यूच्या वर्षांवरून त्यांची भेट शक्य होती की नाही हे ठरविता येई. तारीख हे अशा रीतीने सत्यासत्य पारखण्याचे साधन बनले.

बगदादचा इतिहासकार अल्-खतीब अल्-बगदादी (१००२–७१) याच्याविषयीची हकीकत या संदर्भात सांगितली जाते. खैबर येथील ज्यूंना प्रेषितांनी करमाफी दिल्याचा एक लेख वजिरापुढे आला. त्यावर साक्षीदार म्हणून मुआविया व साद इब्न मुआज यांची नावे होती. खतीबने तो बनावट ठरविला. खैबर घेतले गेले ६२८ मध्ये. मुआवियाने इस्लाम स्वीकारला मक्केच्या पाडावाच्या वेळी, ६३० मध्ये. साद तर ६२७ मध्येच मरण पावला होता. साक्षीदारांपैकी एक अजून त्या पक्षात आला नव्हता आणि दुसरा हयात नव्हता. इब्न खल्दून (१३३२–१४०६) याने १३७७ मध्ये लिहिलेल्या मुकद्दिमा या प्रस्तावनाग्रंथात आणखी पुढचे पाऊल टाकले. केवळ कालक्रम पुरेसा नसून वृत्तांत समाजजीवनाच्या स्वभावाशी जुळतो की नाही, हेही तारीखशास्त्राने तपासले पाहिजे, असे त्याने प्रतिपादन केले.

फार्सी व उर्दू काव्यपरंपरेत या शब्दाला आणखी एक अर्थ प्राप्त झाला. अरबी वर्णांना ‘अब्जद’ पद्धतीने संख्यामूल्ये दिलेली आहेत. ज्या शब्दाच्या किंवा चरणाच्या वर्णमूल्यांची बेरीज एखाद्या घटनेचे वर्ष देते, त्या रचनेलाही ‘तारीख’ म्हणतात. या पद्धतीने खुद्द ‘तारीख’ या शब्दाचे मूल्य १,२११ (त ४००, अलिफ १, र २००, य १०, ख ६००) होते.

इतर भाषांतील प्रसार : तुर्कीत ‘तारिह’ या शब्दाने दिनांक व इतिहास हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. स्वाहिलीत ‘तारेहे’ आणि मलाय भाषेत ‘तारिख’ म्हणजे दिनांक. हिंदी, गुजराती, बंगाली, कन्नड व तेलुगू भाषांत शब्द मुख्यतः दिनांक या अर्थीच रूढ आहे. भारतातील फार्सी इतिहासग्रंथांच्या नावांत तो वारंवार येतो. झियाउद्दीन बरनीचा तारीख-इ-फीरोझशाही (१३५७) आणि विजापूरच्या आदिलशाही दरबारात फरिश्ता याने लिहिलेला तारीख-इ-फरिश्ता हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत. अकबराने १५८४ मध्ये चालू केलेल्या इलाही सनाला ‘तारीख-इ-इलाही’ म्हणत. येथे त्याचा अर्थ कालगणना असा आहे.

मराठीतील स्थान : मराठीत शब्द फार्सीमार्गे आला. येथे त्याचे लिंग बदलून तो स्त्रीलिंगी झाला, आणि मराठी व्याकरणाप्रमाणे उपान्त्य ‘ई’ लोपून त्याचे अनेकवचन ‘तारखा’ व सामान्यरूप ‘तारखे-’ असे झाले. स्वतःचे अनेकवचन सिद्ध झाल्यामुळे अरबी अनेकवचन ‘तवारीख’ मोकळे राहिले व ते इतिहासग्रंथ या अर्थी एकवचनातच वापरले जाऊ लागले. अरबी अनेकवचने मराठीत एकवचनी होण्याची ही प्रवृत्ती अहवाल (‘हाल’चे अनेकवचन), उमराव (‘अमीर’चे), औलाद (‘वलद’चे) या शब्दांतही दिसते. ‘इतिहास’ हा संस्कृत शब्द स्थिरावल्यावर तवारीखचा वापर मात्र मागे पडला.

मराठ्यांच्या कागदपत्रांत मुसलमानी महिन्याचा दिवस दर्शविण्यासाठी ‘चंद्र’ हा शब्द योजीत व तो ‘छ’ या संक्षेपाने लिहीत, उदा., ‘छ १५ साबान’. सेमिटिक भाषांत झालेला चंद्र ते दिनांक हा अर्थबदल मराठी दप्तरात स्वतंत्रपणे घडून आला, असे म्हणता येईल. याच कागदांत वर्षासाठी शुहूर सन वापरीत. ‘शुहूर’ हे ‘शहर’ (महिना) याचे अरबी अनेकवचन होय. दख्खनमध्ये सु. १३४४ पासून चालू झालेला हा सन सौर असून सूर्य मृग नक्षत्रात शिरताना वर्ष बदलत असल्याने त्यास मृगसालही म्हणत. वर्षाचा आकडा अरबी संख्यावाचकांनी लिहीत : ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर व हजार, एकूण ११७५. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व पुढे मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन येतो. म्हणून हे वर्ष १७७४–७५ चे. दोनशेसाठी येणारा ‘मयातैन’ हा शब्द अरबी द्विवचनाचे रूप मराठी दप्तरात जसेच्या तसे टिकल्याचे उदाहरण होय.

अनेक मराठी पत्रांत महिना व दिवस असतो, पण वर्ष नसते. उमर यांना पडलेला ‘हा शाबान कोणता’ हा प्रश्न म्हणूनच मराठ्यांच्या इतिहासाच्या संशोधकांनाही पत्रोपत्री सोडवावा लागला. त्यासाठी निरनिराळ्या सनांचा मेळ घालणाऱ्या जंत्र्या व शकावल्या तयार झाल्या. एका नोंदीने केवढा फरक पडतो, याचे ठळक उदाहरण शिवाजी महाराजांच्या जन्मदिवसाचे आहे. बखरींच्या आधारे तो वैशाख शके १५४९ (१६२७) मधील मानला जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत मात्र फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ अशी नोंद आढळली. त्यानुसार येणारा १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक महाराष्ट्र शासनाने स्वीकारला आहे. हा दिनांकही त्या काळच्या जूलियन पंचांगाप्रमाणे आहे. ग्रेगरियन पंचांगाने तो १ मार्च १६३० असा येतो. तारीख ही निरपेक्ष नसून कोणत्या तरी गणनेतील तारीख असते, हे यावरून ध्यानात येते.

इंग्रजी अमदानीत इसवी महिन्याच्या दिवसासाठी ‘तारीख’ (संक्षेप ‘ता.’) हा शब्द पक्का झाला. ‘जन्मतारीख’ यासारखे संस्कृत-अरबी समास रूढ झाले आणि न्यायालयीन व्यवहारातून ‘तारीख पडणे’ हा वाक्प्रचार आला. भाषाशुद्धीच्या चळवळीतून पुढे आलेला ‘दिनांक’ हा शब्द शासकीय लेखनात प्रचलित आहे; बोलण्यात मात्र ‘तारीख’च आहे. आजच्या मराठीत तारीख व तिथी हे परस्परविरोधी शब्द मानले जातात. जयंत्या-पुण्यतिथ्या ‘तारखेने’ पाळाव्यात की ‘तिथीने’, असा प्रश्न विचारला जातो. त्यात तारीख सौर गणनेची आणि तिथी चांद्र गणनेची असते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता, आज सौर पक्षाकडे गेलेला हा शब्द मूळचा चंद्राचाच आहे.